सालीत गेलेली सुपारी

बोर्लीच्या दत्तात्रेयकाकांच्या खळ्यात संध्याकाळी कुणी सालींचा ढीग उपसताना दिसलं, की समजावं, आज फिरोजाभाभीनं काहीतरी जबरदस्त वाचलंय.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्याकडे पोफळीच्या वाड्या. वाळलेली, अजून सालीत असलेली सुपारी, म्हणजे असोली, खळ्यात ओतून ठेवतात आणि बायका ती सोलायला बसतात. पुढ्यात पाटाला ठोकलेलं लोखंडी पातं, एका बाजूला टोपली, दुसऱ्या बाजूला सालींचा ढीग. सुपारी टोपलीत, साल ढिगात. काम इतकं अंगवळणी पडलेलं असतं की हात ते आपोआप करतात, आणि घोळ होतो तो तिथंच. कान दुसरीकडे गुंतले की हात खुशाल उलटा कारभार करतात. साल टोपलीत पडते आणि सोललेली सुपारी ढिगात.

पहिल्यांदा हे केलं गोदूनं. गोदू म्हणजे आमच्यातली वकील, कशालाही फाटे फोडणारी. फिरोजाभाभी त्या दिवशी खाणीत अडकलेल्या मजुरांची हकीकत सगळ्यांना वाचून दाखवत होती. ते बाहेर येईपर्यंत गोदूची टोपली सालींनी शिगोशीग भरली होती. दत्तात्रेयकाका, म्हणजे खळ्याचे मालक, येऊन टोपलीत हात घालतात तो काय! त्यांनी खळं डोक्यावर घेतलं. सगळ्याजणी खाली मान घालून गोदूचा ढीग उपसायला बसल्या आणि उपसता उपसता कुणीतरी खुदकन हसलं. तेव्हापासून आमच्या खळ्यात एखाद्या लेखाची याहून मोठी तारीफ नाही. लेख बरा असला तर "बरा होता." चांगला असला तर "झकास." आणि काळजाला हात घालणारा असला तर, "सालीत सुपारी गेली गो आज!"

मी कल्पिता. बोर्लीच्या पेठेत आमचं वह्या-पुस्तकांचं आणि पेपरांचं दुकान आहे. आधी बाबा बसायचे, आता मी बसते. खळ्यात मी सोलायला जात नाही. एकदा हौसेनं गेले होते, तर बूड टेकल्या टेकल्या बोट कापून घेतलं. खळ्यातल्या सगळ्यांत वयस्कर सोनाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या खळ्याची अब्रूच घालवली, आणि मला कायमचं चहावर नेमलं. दुपारी दुकान बंद करून मी चहाची किटली घेऊन जाते ती वाचन संपेपर्यंत तिथंच. चहा हे निमित्त आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

भाभीला हा वाचनाचा नाद लागला तो आमच्या दुकानामुळे, असं मी अगदी परवापर्यंत ऐटीत सांगत होते. जुनेरा, तिची लेक, पाटी-पेन्सिलच्या वयाची असताना एक दिवस कुवेतहून बाबांना फोन आला. "मी अब्दुस्समद बोलतोय. माझ्या घरी रोज मराठी पेपर टाका. रविवारची पुरवणी चुकवायची नाही. आणि ती मोठमोठ्या लेखांची मासिकं येतात ना, तीपण." बाबांनी विचारलं, "पोरीसाठी काय?" तिकडून जरा वेळ नुसती खरखर. मग, "हां. हां, पोरीसाठीच. मराठी सुधारेल." बाबांना ते इतकं आवडलं की पुढं कित्येक वर्षं ते गिऱ्हाइकांना सांगत, बाप असावा तर असा, वाळवंटात बसून पोरीच्या मराठीची काळजी वाहतोय.

पोरीनं त्या मासिकांची चित्रं तेवढी कापली. वाचली ती आईनं. आणि एक दिवस खळ्यात, जेवणं झाल्यावर, भाकरी बांधून आणलेली पुरवणी फेकायच्या आधी भाभी सवयीनं वाचत बसली होती. सोनाबाईला अक्षरओळख नाही. ती म्हणाली, "मनात काय वाचतंस? आमी काय पाप केलंय? मोठ्यानं वाच." भाभीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. कुठल्याशा वाळवंटातला एक म्हातारा हरवलेली सांडणी शोधायला निघतो, त्याची खरीखुरी कथा. जेवणाची सुट्टी संपली, वाचन संपेना. दत्तात्रेयकाका ओरडायला आले, उभ्या उभ्या दोन वाक्यं ऐकली, मग खांबाला टेकले, मग खाली बसले. सांडणी सापडल्यावर तेच म्हणाले, "उद्या काय वाचणार?"

पण वाचणारीचे हात तर थांबतात. मजुरी सोललेल्या सुपारीच्या वजनावर, मग तिचं कसं व्हायचं? त्यावर तोडगा सोनाबाईनंच काढला. वाचन संपलं की ज्या बाईला लेख आवडला, तिनं आपल्या टोपलीतली एक मूठ सुपारी भाभीच्या टोपलीत टाकायची. नाही आवडला तर नाही टाकायची, आणि भाभीनं त्याचा राग मानायचा नाही. हा रिवाज आजतागायत चालू आहे. मासिकांत छापणाऱ्या भल्याभल्या मंडळींना आपल्या लिखाणावर बोर्लीत रोज मुठींचा निकाल लागतो याची कल्पना नसेल. काही नामवंतांना मी स्वतः रिकाम्या टोपलीनिशी परत जाताना पाहिलंय आणि मला त्याचा भयंकर आनंद झालाय.

त्यामुळे भाभी निवडून वाचते. सोमवारी दुकानात येते, ओढणी खोचते आणि गठ्ठे उपसून माझ्या मांडणीची वाट लावते. बातमी तिला चालत नाही. "बातमी काय, बस स्टँडवर पण ऐकू येते," म्हणते. तिला लांब हवं असतं, दोन दुपारी पुरेल असं, आणि खरं हवं असतं. विषय कुठलाही. समुद्राच्या तळाशी तारा टाकणाऱ्या जहाजावरचा आचारी, पिढ्यानपिढ्या एकाच मनोऱ्याचं घड्याळ दुरुस्त करणारं खानदान, उंदीर गातात हे सिद्ध करण्यात हयात घालवलेली बाई, बर्फात पत्रं वाटणारा पोस्टमन. हे सगळे लोक आमच्या खळ्यात नातेवाइकांसारखे आहेत. थंडी जास्त पडली की कुणीतरी म्हणतंच, "त्या पोस्टमनाचं काय होत असेल गो!" आता भाभी मोबाइलवरही वाचते, पण रेंज आमच्याकडे माहेरवाशिणीसारखी, आली तर आली, म्हणून कागद सोबत ठेवते.

खरेपणाची परीक्षा घेते सोनाबाई. तिची परीक्षा एकच. माणूस जेवला काय? लेखात कुणी काही खाल्लंच नाही, तर ती हात आखडता घेते. "इतकं धावला, इतकं लढला, आन् जेवला न्हाय? लिवणाऱ्यानं घरात बसून लिवलंय." मी हसत असे आधी. मग मीही वाचताना शोधू लागले, आणि सांगते, म्हातारी सहसा चुकत नाही.

तर असं सगळं छान चालू असताना तीन वर्षांपूर्वी अब्दुस्समद, आमचे समदभाई, कुवेतवरून कायमचे परत आले.

पंचवीसेक वर्षं तिकडे. बेकरीत होते, भट्टीवर. दोन वर्षांनी एकदा यायचे, अत्तरं, ब्लँकेटं, चॉकलेटं वाटायचे आणि जायचे. आता घरी राहिले. माणूस सोन्यासारखा. सकाळी पाव आणतात, वाडीला पाणी लावतात, भाभीचं पातं धार लावून देतात. पण बोलायचं नाव नाही. तिकडचं काही विचारावं, तर एकच उत्तर. "बरं होतं."

उन्हाळा कसा असायचा? बरं होतं. खोलीत कोण कोण होतं? होते चारपाच जण, बरे होते. ईदला काय करायचात? बरं व्हायचं. भाभी आधी हसण्यावारी न्यायची. मग एके दिवशी चहा घेताना माझ्याजवळ भडाभडा बोलली. "कल्पिता, मी बर्फातल्या पोस्टमनाला ओळखते. त्याच्या कुत्र्यांची नावं मला पाठ आहेत. आणि माझ्या शेजारी झोपणारा माणूस पंचवीस वर्षं कसा जगला ते मला ठाऊक नाही. तो एकटाच आलाय गो घरी. ती वर्षं तिकडंच राहिलीत. मला ती पण घरी आणायचीत." तिचे डोळे भरून आले होते. मी तिला आणखी चहा ओतला.

मग तिनं चंगच बांधला. आवडीची तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी करून पाहिली. ते जेवले, "झकास झालीय" म्हणाले आणि झोपले. जुनेराला मुंबईहून फोन करून विचारायला लावलं. तिला "बरं होतं" असं लाउडस्पीकरवर ऐकू आलं. भांडून पाहिलं. ते मुकाट ऐकून वाडीत निघून गेले. खळ्यात तर तिची रोज चेष्टा. गोदू म्हणायची, "भाभी, साऱ्या दुनियेचं वाचतंस, आन् घरचं पुस्तक उघडंना काय?" भाभी हसायची. पण त्या हसण्यात काही दम नसायचा, आणि मला गोदूच्या पाठीत धपाटा घालावासा वाटायचा.

यंदा रमजान लवकर आला. रोज्याला घसा कोरडा पडतो, म्हणून रमजानात भाभी वाचत नाही, आणि ईद होईपर्यंत सोलणीचं काम संपत येतं. म्हणजे रमजानच्या आधीचं वाचन हे मोसमातलं शेवटचंच. त्या दिवसासाठी सोनाबाईनं फर्मान काढलं. "आता परक्याचं बास. समदभाय येतील आन् सांगतील. न्हायतर मी आयकायची न्हाय."

भाभीनं घरी निरोप दिला. समदभाई एवढंच म्हणाले, "माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दुकानात आले. पेपर उचलला, उगाच चाळला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कल्पिता, तुमच्या त्या बायका... खोटं चालवून घेतात काय?"

आता मला बाबांसारखं सबुरीनं बोलता येत नाही. मी ताडकन म्हणाले, "छे! खोटं निघालं तर मूठ नाहीच, वर सोनाबाई आयुष्यभर बोलून दाखवते." समदभाईंचा चेहरा उतरला. पेपर काउंटरवर तसाच ठेवून ते निघून गेले. असं काय खोटं असेल या माणसाकडे? नाही नाही त्या शंका आल्या. तिकडे दुसरं लग्न? तुरुंग? मी भाभीला काही बोलले नाही, पण रात्री धड जेवले नाही, आणि मी जेवले नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असं आमच्या घरात मानतात.

शेवटचा दिवस उजाडला. असोलीची रास संपत आली होती. सगळ्याजणी लवकर बसल्या. समदभाई आले नव्हते. भाभीनं मासिक काढलं, मांडीवर ठेवलं, पिशवी चाचपली आणि म्हणाली, "अगोबाई, चष्मा घरी राहिला." मग फोन लावला. "जुनेराचे अब्बा, चष्मा आणून देता काय? फळीवर आहे." जी बाई इतक्या वर्षांत एकदाही चष्मा विसरली नव्हती, ती नेमकी आज विसरली, यावर विश्वास ठेवायला मी काही कुकुलं बाळ नाही.

समदभाई चष्मा घेऊन आले, आणि तो भाभीच्या हातात देतात न देतात तोच सोनाबाईनं आपल्या शेजारचं पोतं झटकलं. "आलाच हाईस तर बस. कल्पिता, च्या दे त्यांना."

चहा हातात आला की माणसाला पळता येत नाही. समदभाई बसले. सगळ्यांकडे पाहिलं. घसा खाकरला. आणि म्हणाले, "मी कुवेतला बेकरीत होतो. काम भट्टीवर. पगार वेळेवर. गरमी फार. मग परत आलो."

कुणीतरी ढिगात साल भिरकावली.

"झालं?" गोदू म्हणाली. "ह्याच्यापेक्षा एष्टीचं टाइमटेबल बरं!"

सगळ्या हसल्या. समदभाईंचे कान लाल झाले. भाभीनं मांडीवरचं मासिक बाजूला सारलं आणि मान खाली घालून ती सोलायला लागली. मासिक नावालाच होतं, आज ती वाचणार नव्हती, म्हणून तिच्याही पुढ्यात पातं होतं. मला तिच्याकडे बघवेना. मी उठून चहाचे कप गोळा करायला लागले.

सोनाबाई मात्र हसली नव्हती. तिनं हातातली सुपारी कानाशी हलवून बघितली, आत खुळखुळली तशी पात्यावर धरली, आणि वर न बघता विचारलं, "पयल्या दिशी जेवलास काय?"

समदभाईंनी तोंडाशी नेलेला कप खाली घेतला.

"पहिल्या दिवशी..." ते म्हणाले, "पहिल्या दिवशी नाही जेवलो. खोली दाखवली, पलंग दाखवला, आणि सगळे कामावर गेले. मला विचारायला लाज वाटली. फिरोजानं दिलेली तांदळाची भाकरी होती, ती सुकून खडखडीत झाली होती. मी पाण्यात बुडवून खाल्ली. मग भट्टीवरचा एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, होता, तो आला. त्याला कळलं. त्यानं त्याची रोटी मोडली, आत बिया-पाल्याची कसलीशी हिरवी भाजी घातली आणि माझ्या तोंडात कोंबली. जबान कळत नव्हती. तो हसत होता आणि मी रडत होतो."

"मंग?" सोनाबाई म्हणाली.

आणि मग ते सुटलेच. खोलीतला मल्याळी ड्रायव्हर, जो झोपेत गिअर बदलायचा. पेशावरचा पठाण, ज्याला झुरळाची भीती. दर गुरुवारी संध्याकाळी सगळे एकत्र जेवायचे, आणि जेवल्यावर रिवाज असा की प्रत्येकानं आपल्या घरची खबर सांगायची. कुणाची गाय व्यायली, कुणाच्या भावानं भांडून वेगळी चूल मांडली, कुणाच्या बापानं म्हातारपणी मिश्या काळ्या केल्या. रात्रीपर्यंत हसणं.

"आणि माझी पाळी आली," समदभाई म्हणाले, "की माझ्याकडे काहीच नसायचं. मी बूथवरून फोन करायचो, कसं काय विचारायचो. ही म्हणायची, सगळं बरं आहे. दर वेळी. सगळं बरं आहे."

भाभीचे हात थांबले. खळ्यातल्या सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या.

"मी... तुम्हाला काळजी नको म्हणून," भाभी पुटपुटली.

"ते मला ठाऊक आहे. पण गुरुवारी मी काय सांगू? एकदा असाच गप्प बसलो, तर पठाण म्हणाला, तुझी बायको आहे की नाही? मला राग आला. मी म्हणालो, आहे तर! परवाच वाडीत वांदरांची टोळी शिरली, तर तिनं एकटीनं परात वाजवून सगळ्यांना थेट हरिहरेश्वरापर्यंत पिटाळलं."

"हरेश्वरापतूर!" गोदू किंचाळली.

"पोट धरून हसले सगळे. पुढच्या गुरुवारी विचारायला लागले, फिरोजाचं काय? आता आली का पंचाईत! मग फिरोजा टेम्पो चालवायला शिकली. टेम्पोत सुपारी भरून महाडला गेली. वाटेत घाटात ब्रेक लागेना, तर... जाऊ दे. खूप झालं. काशीदला समुद्रात बुडणारा एक जाडा टुरिस्ट तिनं ओढून काढला. वजनात मारणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याच्याच तागडीत बसवलं."

बायका हसून हसून आडव्या झाल्या होत्या. दत्तात्रेयकाका खांबाला टेकून डोळे पुसत होते. भाभी मात्र हसत नव्हती. ती खाली बघून सोलत होती, झपाझप, कुणी मागं लागल्यासारखी.

समदभाईंचा आवाज एकदम हळू झाला. "आणि मग एका गुरुवारी सुचेना म्हणून मी म्हणालो, फिरोजा आता वाडीतल्या बायकांना पेपर वाचून दाखवते. पोफळीखाली बसून. दुनियाभरच्या सच्च्या गोष्टी. ती वाचते तोवर कुणी उठत नाही."

दत्तात्रेयकाका खांब सोडून दोन पावलं पुढं आले.

"तेव्हा तर मी वाचत नव्हते," भाभी म्हणाली. "तेव्हा घरी पेपरच येत नव्हता."

"नव्हताच. तो मिसरी होता ना, त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याला हे फार भावलं. बाकीचे टेम्पोचं विचारायचे. हा दर गुरुवारी विचारायचा, या हफ्त्याला फिरोजानं काय वाचलं? मग मला शोधून शोधून वाचावं लागलं. बेकरीत बांधायला रद्दी यायची, उर्दू, हिंदी, मिळेल ती. चांगली लांब हकीकत सापडली की मी घडी करून खिशात ठेवायचो, आणि गुरुवारी सांगायचो, फिरोजानं हे वाचलं. कितीतरी महिने. मग मला रात्री झोप लागेना. मी म्हटलं, समद, त्या बाईच्या नावावर तू इतकं वाचतोयस आणि तिच्या घरात एक चिठोरा नाही. निदान पेपर तरी जाऊ दे. मग कल्पिताच्या वडलांना फोन केला."

माझ्या हातातला कप खाली पडला. पोरीचं मराठी! बाबांनी आयुष्यभर मिरवलेलं ते पोरीचं मराठी!

"सुट्टीवर आलो," समदभाई सांगत होते, "घरी गेलो तर कुलूप. कुणीतरी म्हणालं खळ्यात बघ. बॅग घेऊन तसाच इथं आलो, तर कुंपणापलीकडून आवाज. ही इथं, याच जागी बसून वाचत होती, आणि तुम्ही सगळ्या ऐकत होतात. मी आत आलो नाही. या अल्ला, मी थाप मारली आणि ती उठून उभी राहिली! वाचून होईपर्यंत मी बाहेर बॅगेवर बसलो. परत गेल्यावर पहिल्या गुरुवारी खोलीत सांगितलं, भाई लोक, टेम्पो खोटा, वांदरं खोटी, पण अल्लाची कसम, फिरोजा खरंच वाचते. मी डोळ्यांनी बघून आलो. तर मिसरी काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, यात नवीन काय सांगितलंस? आम्हाला तर कधीपासून ठाऊक आहे."

मी रडत होते. सांगायला लाज वाटत नाही, चांगली हुंदके देऊन रडत होते, आणि तोंडावर हसूही होतं.

"म्हणून मी गप्प," समदभाई म्हणाले. "काय सांगणार? माझी वर्षं म्हणजे नुसती तुझी झूठी कहाणी. आणि तू तर इथं फक्त सच वाचतेस."

सगळ्यांच्या नजरा भाभीवर. तिनं मान वर केली.

"टेम्पो कुठल्या रंगाचा होता?"

"आं? पिवळा."

"हिरवा पाहिजे होता," भाभी म्हणाली. "मला हिरवा आवडतो."

आणि मग ती जी हसली! मी तिला इतकी वर्षं ओळखते, तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती.

पण गोदू ती गोदूच. "थांबा थांबा," तिनं हात वर केला. "खळ्याचा कायदा काय? खरं असेल तर मूठ. हितं तर वांदरं खोटी, टेम्पो खोटा, जाडा टुरिस्ट खोटा. मूठ कशी टाकायची?"

सगळ्या सोनाबाईकडे बघायला लागल्या. म्हातारीनं पदरानं डोळे टिपले आणि गोदूकडे असं बघितलं की माझं कापलेलं बोट मला आठवलं.

"टेम्पो खोटा," सोनाबाई म्हणाली. "पन ह्यानं सांगितला हे खरं हाय का न्हाय? त्या मिसऱ्यानं जीव लावून आयकला हे खरं हाय का न्हाय? ती भाकर पान्यात बुडवून खाल्ली हे खरं हाय का न्हाय? मंग टाक मूठ, आन् गप बस."

समदभाईंकडे टोपली नव्हती. त्यांनी खिशातला रुमाल काढून पोत्यावर पसरला. पहिली मूठ सोनाबाईची पडली, मग ओळीनं सगळ्यांची. गोदूनं तर ओंजळ रिकामी केली. रुमाल दिसेनासा झाला. त्यांना काय करावं कळत नव्हतं. ते नुसते "अरे, बस बस" करत होते.

ऊन उतरलं. बायका पदर झटकून उठल्या. समदभाईंनी रुमालाची गाठ मारली, आणि ती दोघं कुंपणाबाहेर पडून पेठेच्या वाटेला लागली. मी किटली विसळत होते. दत्तात्रेयकाका शिरस्त्याप्रमाणे एकेकीचा ढीग बघत निघाले. गोदूच्या ढिगात चारदोन सुपाऱ्या सापडल्या, सोनाबाईच्या ढिगात एकही नाही, तिचे हात तिच्यासारखेच पक्के. मग ते भाभीच्या जागेपाशी आले आणि वाकले ते वाकलेलेच राहिले.

"कल्पिता, हे बघ."

भाभीची टोपली काठोकाठ भरली होती, निव्वळ सालींनी. आणि ढिगाच्या आत, खालपर्यंत, त्या दुपारी तिनं सोललेली झाडून सगळी सुपारी. एकसुद्धा टोपलीत पडली नव्हती. रोज दुसऱ्यांसाठी वाचणाऱ्या बाईच्या हातून हे कधीच झालं नव्हतं. व्हायला कुणीतरी तिला सांगणारं हवं होतं ना!

मला वाटलं काका आता खळं डोक्यावर घेणार. ते कुंपणाशी गेले, तोंडाशी हात धरले आणि एखाद्या पोरासारखे ओरडले, "भाभी! ओ भाभी! सालीत सुपारी गेली!"

वाटेवर ती दोघं थांबली. भाभी मागं फिरली, लगबगीनं परत आली, ढीग बघितला आणि लाजून लाल झाली. "मी करते साफ," म्हणाली आणि खाली बसली. समदभाईही तिच्या शेजारी बसले. दोघं मिळून साल बाजूला करून सुपारी वेचायला लागली. मी किटली उचलून निघाले, तेव्हा भाभी विचारत होती, "बरं, घाटात ब्रेक लागेना, मग मी काय केलं?"